त्या ०.०० मध्ये काय दडलंय?

आज बोलूया बरोबरीबद्दल. बुद्धिबळाचा डाव बरोबरीत सुटला म्हटलं की आपल्याला वाटतं, म्हणजे काही झालंच नाही. ॲपवरचं इंजिनही नुसतं ०.०० दाखवतं. पण ते शून्य टिकवायला काय लागतं, ते एका डावातून सांगतो.

डाव आमच्या क्लबातला. पांढऱ्याकडून बँकेत नोकरी करणारे एक काका, काळ्याकडून दहावीतली मुलगी. काकांचं रेटिंग तिच्यापेक्षा ३०० ने जास्त. शेवटी पटावर उरलं काय? दोन राजे, दोन हत्ती आणि काकांचं मधल्या पट्टीतलं एक प्यादं. बघणारे कुजबुजले, "गेला हिचा डाव."

गेला नव्हता. तिचा राजा प्याद्याच्या वाटेतच ठाण मांडून होता. हत्ती तिने आपल्या बाजूने तिसऱ्या आडव्या ओळीत ठेवला, त्यामुळे काकांच्या राजाला त्या ओळीत पाऊल ठेवता येईना. ती हत्ती त्याच ओळीत इकडून तिकडे सरकवत राहिली. बस्स! शेवटी काकांनी प्यादंच त्या ओळीत ढकललं. त्याच क्षणी तिचा हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला गेला आणि मागून शहावर शह. काकांच्या राजाने लपायचं कुठे? आडोशाच्या जागेवर आता त्याचंच प्यादं उभं!

ही युक्ती फिलिडोर या फ्रेंच खेळाडूने १७७७ साली छापली. आज राजे धरून सात मोहऱ्यांपर्यंतच्या एंडगेमची उत्तरं कॉम्प्युटरने काढून ठेवलीत. इथे त्याचंही उत्तर तेच: बरोबरी.

तीच स्थिती तिसऱ्यांदा येणार हे दिसताच तिने खेळी आधी कागदावर लिहिली, मोहऱ्याला हात न लावता घड्याळ थांबवलं आणि पंचांना बोलावलं. हा क्रम लक्षात ठेवा हं. आधी मोहऱ्याला हात लावला की त्या खेळीपुरता दावा करायचा हक्क जातो.

तर मंडळी, एक प्यादं कमी आहे म्हणून लगेच डाव सोडू नका. तिसरी ओळ धरा, वाट बघा, प्यादं पुढे आलं की मागून शह द्या. आज मित्रासोबत हीच स्थिती मांडा आणि दोन्ही बाजूंनी खेळून बघा. अर्धा गुण कसा कमवावा लागतो, ते बोटांना कळेल.

भेटू पुढच्या भागात!