परदेशातील बिऱ्हाड
(ज्ञातीच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



जपानमधील वास्तव्याविषयी मी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांची आज्ञा झाली. फुजी पर्वत व चेरीचा बहर यांची वर्णने आपण पुष्कळ वाचली असतील. म्हणून मी आज त्याहून साधा विषय घेतला आहे. तो म्हणजे, परक्या देशात डोक्यावर छप्पर कसे मिळवावे?

२०२३ साली नोकरीनिमित्त मी टोकियोस गेलो. खिशात पगाराचे पत्र होते, तेव्हा घर मिळावयास कितीसा वेळ लागणार, अशी माझी समजूत होती. तेथे घर शोधावयाचे ते दलालाच्या कचेरीमार्फत. खोलीचे माप चटयांत सांगतात. सहा चटयांची खोली म्हणजे सुमारे दहा चौरस मीटर. भाडे ठरले की देण्यांची यादी पुढे येते. 'शिकिकिन' म्हणजे अनामत. ती घर सोडताना देणे वजा करून परत मिळते. 'रेइकिन' म्हणजे घरमालकास कृतज्ञतेने द्यावयाची रक्कम. ती कधीच परत मिळत नाही. शिवाय दलाली आणि हमी देणाऱ्या कंपनीचे शुल्क. ऐंशी हजार येन भाड्याच्या माझ्या खोलीसाठी अनामत ८०, रेइकिन ८०, करासह दलाली ८८, हमीशुल्क ४० आणि पहिल्या महिन्याचे भाडे ८० असे एकूण ३ लाख ६८ हजार येन मोजावे लागले. आगीचा विमा व कुलूपबदल यांचा खर्च निराळाच. करार बहुधा दोन वर्षांचा असतो, आणि टोकियोत तो पुढे चालू ठेवताना पुष्कळदा आणखी एका महिन्याचे भाडे द्यावे लागते.

परंतु खरी अडचण पैशाची नव्हती. दलालाच्या कचेरीतील तरुण माझ्यासमोर एकेका घरमालकास दूरध्वनी करी. बोलण्यात 'गायकोकुजिन', म्हणजे परदेशी, हा शब्द आला की त्याचा स्वर खाली येई. मग तो फोन ठेवून मला लवून नमस्कार करी व म्हणे, "क्षमा करावी." सात घरांविषयी असे झाले. कोणी अपशब्द उच्चारला नाही. पण इतक्या विनयानेही माणसाला दाराबाहेर ठेवता येते, हे मी त्या दिवशी शिकलो.

हा केवळ माझाच अनुभव नव्हे. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१६ साली परदेशी रहिवाशांची पाहणी करविली. मागील पाच वर्षांत घर शोधलेल्यांपैकी ३९.३ टक्के लोकांनी, परदेशी म्हणून आपल्याला नकार मिळाल्याचे सांगितले. जपानी जामीनदार नाही म्हणून नाकारले गेलेले ४१.२ टक्के होते. घरमालकांचे भय मी पुढे समजून घेतले. भाडे बुडवून हा मायदेशी गेला तर? केरकचऱ्याचे वर्गीकरण पाळले नाही तर? शेजाऱ्यांनी तक्रार केली तर?

तेथे वाटाही आहेत, हेही सांगितले पाहिजे. 'यूआर' या सार्वजनिक संस्थेच्या वसाहतींत रेइकिन, दलाली, जामीनदार यांपैकी काहीच लागत नाही; दोन महिन्यांची अनामत व ठराविक उत्पन्न पुरते. टोकियोच्या एदोगावा विभागातील निशी-कासाई भागात पुष्कळ भारतीय कुटुंबे अशा वसाहतींतून स्थिरावली आहेत. त्याच विभागाच्या स्थानिक सभेवर २०१९ साली आपले मराठी बांधव योगेंद्र पुराणिक निवडून आले. माझ्या कचेरीपासून तो भाग दूर पडे. अखेर आठव्या घराच्या वृद्ध मालकीणबाईंनी मला प्रत्यक्ष भेटावयास बोलाविले. कचरा कोणत्या वारी कोणता टाकावयाचा, एवढेच त्यांनी विचारले, आणि होकार दिला. त्यांच्याच सल्ल्याने मी शेजाऱ्यांना एकेक टॉवेल भेट देऊन आलो. तशी तेथील रीत आहे.

आता मूळ मुद्द्याकडे वळतो. त्याच सुमारास आमच्या तीर्थरूपांनी पुण्यातील आमची जागा भाड्याने द्यावयास काढली होती. फोनवर ते मला म्हणाले, "दलालाला सांगून ठेवले आहे, आपल्यापैकी कोणी असेल तरच पाठव." मी त्यांना माझ्या सात नकारांची हकीकत सांगितली. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पण शेजारी काय म्हणतील?" अध्यक्षमहाराज, टोकियोतील मालकांचे भय नेमके हेच होते!

पुढे ती जागा नांदेडकडील एका परिचारिकेस दिली. तिचे आडनाव आपल्यातले नाही. भाडे वेळेवर येते, आणि आईच्या आजारपणात रात्री धावून आली ती हीच मुलगी.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. ज्यांची जागा भाड्याने द्यावयाची आहे त्यांनी भाडेकरूची नोकरी विचारावी, वर्तन विचारावे. पण आडनावावरून दार लावू नये. दुसरी विनंती संस्थेस. शिक्षणासाठी वा नोकरीसाठी परगावी, परदेशी जाणाऱ्या मुलामुलींना अनामतीपुरते बिनव्याजी कर्ज मिळेल असा एक छोटा निधी संस्थेने उभारावा. प्रारंभीची वर्गणी म्हणून, मला परत मिळालेली माझी अनामत मी आज कोषाध्यक्षांच्या स्वाधीन करीत आहे.