हेच हेची, मुळशी आणि माझी मुलगी
(वार्षिक स्नेहसभेतील भाषण)



तीन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने फोनवर सांगितले की ती कॉम्प्युटर सायन्स सोडून पर्यावरणीय मानव्यविद्या घेते आहे. मी विचारले ते तुम्हीही विचारले असते : "त्यात नोकरी कोण देतो?" पुढे दोन महिने आम्ही हवापाण्याखेरीज काही बोललो नाही. आपण सभेत समता, विवेक वगैरे बोलतो, पण पोरांनी विषय निवडला की आपल्यातला मध्यमवर्गीय बाप बरोबर जागा होतो. हे आधीच कबूल करतो.

मी पाणीपुरवठ्याचा इंजिनियर. पर्यावरण म्हणजे विज्ञान, एवढीच माझी समजूत. तिच्या अभ्यासात विज्ञानाच्या जोडीला इतिहास, साहित्य, तत्त्वज्ञान येते आणि प्रश्न वेगळे असतात : निसर्ग कशाला म्हणायचे हे कोणी ठरवले, आणि त्यात कोणाची जमीन गेली?

पहिला निबंध हेच हेचीवर होता. (नाव मराठी कानाला गमतीचे वाटते खरे.) बे एरियात आपल्यापैकी अनेकांच्या नळाला तिथलेच पाणी येते. योसेमिटी नॅशनल पार्कमधल्या त्या दरीत धरण बांधायला अमेरिकन काँग्रेसने १९१३ साली परवानगी दिली. जॉन म्यूर यांनी कडाडून विरोध केला, तो दरीच्या सौंदर्यासाठी. तिथे पिढ्यान् पिढ्या वावरलेले मिवोक आणि पायूट लोक त्या वादात जवळजवळ कुठेच नव्हते.

मग एका रात्री फोन. "बाबा, तू पुण्याचा ना? मुळशीबद्दल सांग."

मी सांगितले, कॉलेजात असताना पावसाळ्यात आम्ही धरणावर सहलीला जायचो, भजी छान मिळायची. पलीकडे शांतता.

तिने रामचंद्र गुहांचा १९८९चा लेख वाचला होता. माणसे वगळून जंगल राखण्याची अमेरिकन कल्पना भारतात नेली की तिचा भार गरिबांवर पडतो, असे ते म्हणतात. तिथून ती राजेंद्र व्होरांच्या मुळशी सत्याग्रहावरच्या इंग्रजी पुस्तकाकडे गेली. हेच हेचीचे धरण १९२३ साली पुरे झाले, त्याच सुमारास मुळशीचे मावळे मुंबईला वीज देणाऱ्या धरणाविरुद्ध तुरुंगात जात होते. म्यूर दरीसाठी भांडले, मावळे भातशेतीसाठी.

सेनापती बापटांचे नाव मला पाठ होते. त्यांच्या नावाच्या रस्त्यावरून मी रोज सायकल हाणायचो. पण खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी पुण्याच्या सावकारांकडे होत्या, त्यांना शेवटी मोबदला चालला आणि कसणाऱ्याच्या हाती फारसे काही लागले नाही, हे मला कोणी सांगितले नव्हते. मीही विचारले नव्हते. आमच्या पेठेतल्या कोणाकोणाचे वाडे त्या पैशावर उभे राहिले असतील, हा प्रश्न तिचा. मी ऐकून घेतला.

सत्याग्रहातले एक पुढारी विनायकराव भुस्कुटे यांनी त्यावर मराठीत लिहून ठेवले आहे. मुलगी मराठी बोलते, वाचता येत नाही. तो दोष तिचा नव्हे. त्यामुळे दर रविवारी मी फोनवर मराठी वाचतो, ती टिपणे काढते.

परवा 'खाचर' शब्दावर अडलो. राइस फील्ड म्हटले तर तिला पटेना. बांध कोण घालतो, वरचे पाणी खाली कधी सोडतात, भांडण कशावरून होते, सगळे विचारले. मला अर्धेच ठाऊक होते. पुण्याला भावाला फोन केला, त्याला तेवढेही नव्हते.

येत्या जूनमध्ये ती मुळशीला जाते आहे, दुभाषा म्हणून मी बरोबर. नोकरीचे विचाराल, तर अजून काही नाही.