अन्नाची राखण

आपण शेताची राखण करतो. माळ्यावर बसून पाखरं हाकतो, खळ्यावर रात्र काढतो. पण तेच धान्य शिजून ताटात येईपर्यंत त्याची राखण कोण करतो? त्याविषयी आज आम्ही चार शब्द सांगणार आहोत.

अमेरिकेत ऑरेगॉन नावाचे राज्य आहे. तिथे द डॅल्स हे लहानसे गाव आहे. १९८४ साली तिथे ७५१ माणसे जुलाब, ताप, पोटदुखीने आजारी पडली. सुदैवाने कुणी दगावले नाही. बहुतेक जण गावातल्या खाणावळींत जेवले होते. चौकशी झाली. पहिला ठपका कुणावर आला? खाणावळीत राबणाऱ्या नोकरांवर! त्यांनी हात नीट धुतले नसतील, असे म्हटले गेले.

खरी गोष्ट १९८५ साली उघडी पडली. जवळच्या एका आश्रमातील काही लोकांनी रोगजंतू मुद्दाम वाढवले होते. दहा खाणावळींत उघड्यावर मांडलेल्या अन्नात, कोशिंबिरीत त्यांनी ते गुपचूप मिसळले. निवडणुकीत गावकरी मतदानाला जाऊ नयेत, हा त्यांचा डाव होता. पुढे दोघींना तुरुंगवास झाला.

बघा, अन्न उघडे होते. भोवती माणसांची ये-जा होती. नजर कुणाचीच नव्हती.

म्हणून रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांना राखणही शिकवली पाहिजे. अमेरिकेच्या सरकारने २००८ साली अशा कामगारांसाठी पाच नियम सांगितले :

१. ठरलेल्या रीतीनेच काम करा.
२. कामाची जागा आणि आसपास तपासा.
३. काही वेगळे दिसले तर ओळखा.
४. कच्चा माल व तयार अन्न बंदोबस्तात ठेवा.
५. संशय येताच वरच्या माणसाला सांगा.

हे नियम आपल्याही कामाचे आहेत. शाळेतली खिचडी असो, लग्नाची पंगत असो, की भंडारा असो. पोत्याची शिवण उसवलेली दिसली, तेलाला उग्र वास आला, तर ते वापरू नका. फेकूनही देऊ नका, तपासणीला लागेल. बाजूला झाकून ठेवा. अनोळखी माणूस चुलीपाशी आला, तर गोडीने विचारा, "कोण पाहिजे, दादा?"

पाचवा नियम सर्वांत अवघड. गरीब बाईला वाटते, बोलले तर काम जाईल. म्हणून कारभाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे. स्वयंपाकीणबाई म्हणाली, "तेलाला वास येतोय," तर "गप बस" म्हणू नका. आधी तेल बघा. तिच्या बोलण्याने पंगत वाचते, तिची अब्रूही वाचते.

आज घरी गेल्यावर हे पाच नियम मोठ्याने वाचा. शाळेत रांधणाऱ्या बाईंनाही वाचून दाखवा.