ठिपके माझे, त्रिकोण कोणाचा?

(मंडळाच्या हळदीकुंकू समारंभात केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंत झाले आहे आणि भाषणाची मला सवय नाही. पण दिवाळीत माझ्या दारातली त्रिकोणांची रांगोळी पाहून पुष्कळजणींनी विचारले, म्हणून अध्यक्षबाईंनी मला उभे केले आहे. काही उणे-अधिक झाले तर सांभाळून घ्यावे.

रांगोळी आपण सगळ्याच काढतो. उदबत्तीने भोके पाडलेला कागद गेरूवर ठेवतो, वरून रांगोळी पसरतो, कागद उचलला की ठिपके तयार. मग मनात असलेले कमळ नाही तर कासव त्या ठिपक्यांतून जोडतो. म्हणजे चित्र आधी ठरलेले असते. या रांगोळीत चित्र ठरलेले नसते, फक्त एक नियम असतो. तो मला माझ्या मुलीने दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत सांगितला. ती तेव्हा बारावीला होती.

पहिल्या ओळीत एक ठिपका द्यायचा. पुढची प्रत्येक ओळ वरच्या ओळीच्या फटींखाली येईल अशी, एकेका जागेने वाढत जाणारी. प्रत्येक नव्या जागेच्या वरच्या दोन जागा पाहायच्या. त्यांतल्या एकीतच ठिपका असेल तर खाली ठिपका द्यायचा. दोन्हींत असेल किंवा दोन्हींत नसेल, तर जागा मोकळी सोडायची. कडेबाहेर सगळे मोकळेच धरायचे.

दुसऱ्या ओळीत दोन ठिपके आले. तिसरीत टोकांना दोन, मध्ये मोकळे. चौथी पूर्ण भरली. पाचवीत पुन्हा टोकांचेच दोन. आठवी भरते, सोळावी भरते, बत्तिसावी भरते. सगळी पुरी करून उभे राहून पाहावे, तो मोठ्या त्रिकोणात तीन त्रिकोण, त्या प्रत्येकात आणखी तीन, आणि मधोमध उलटे मोकळे त्रिकोण! ४ ओळींत ९ ठिपके होतात, ८ ओळींत २७, १६ ओळींत ८१, ३२ ओळींत २४३. ओळी दुप्पट केल्या की ठिपके तिप्पट. ३२ ओळींतल्या ५२८ जागांपैकी निम्म्याहून अधिक मोकळ्याच राहतात.

मुलीने सांगितले की हा त्रिकोण पोलंडचे गणिती सिएरपिन्स्की यांनी १९१५ साली मांडला. आपल्याकडे पिंगळाच्या छंदःसूत्रांवर हलायुधाने दहाव्या शतकात टीका लिहिली, तिच्यात मेरुप्रस्तार आहे. लघु-गुरूंच्या किती तऱ्हा होतात हे मोजण्याचा तो अंकांचा डोंगर. वरच्या दोन अंकांची बेरीज खाली लिहीत जायचे. त्यात विषम अंकाला ठिपका द्या आणि सम अंक मोकळा सोडा, की माझीच रांगोळी तयार होते.

आकृतीच्या तुकड्यात पुन्हा तीच आकृती दिसते, अशांना ‘फ्रॅक्टल’ हे नाव बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९७५ साली दिले. त्यांनी १९६७ साली ब्रिटनच्या किनाऱ्याविषयी लिहून दाखवले होते, की मोजपट्टी जितकी आखूड घ्यावी तितका किनारा लांब भरतो. आपल्या कोकणच्या किनाऱ्याचेही तसेच. फ्लॉवर निवडताना एक तुरा मोडून पाहा, तो लहानसा गड्डाच दिसतो. पण तीन-चार वेळा मोडले की हे संपते. माझा हातही बत्तिसाव्या ओळीला थांबतो. नियम मात्र थांबत नाही.

मग मी मुलीला विचारले, “ठिपके मी दिले. मधले मोकळे त्रिकोण कोणी काढले?” ती म्हणाली, “आई, गणित माणसाने रचले की ते आधीपासूनच होते, यावर मोठमोठ्या विद्वानांचे एकमत नाही.” मी काय सांगणार? पण ते त्रिकोण माझ्या मनात नव्हते एवढे मला पक्के ठाऊक आहे.

आता जे सांगायला उभी राहिले ते सांगते. त्या दिवाळीत एकदा बाराव्या ओळीत, मधल्या मोकळ्या जागेत, माझ्या हातून एक ठिपका जास्त पडला. मला कळले नाही. सोळावी ओळ पूर्ण भरायला हवी होती, तिच्यात दोन जागा मोकळ्या राहिल्या. पुसण्याआधी मुलीने शेजारी बरोबर रांगोळी काढायला लावली आणि दोहोंत जिथे फरक होता तिथे आम्ही हळदीचे बोट लावले. बाराव्या ओळीत एक बोट, मग दोन, दोन, चार आणि सोळावीत दोन. भगिनींनो, तो माझ्याच रांगोळीचा पहिल्या पाच ओळींचा त्रिकोण होता! नियमाने माझी चूकही तितक्याच इमानाने पुढे नेली होती.

त्या रात्री मला झोप आली नाही. माझी आजी शाळेत गेली नाही. आईला चौथीत काढले, मला सातवीत. “मुलीला हिशेबापुरते गणित पुरे,” हे वाक्य प्रत्येक वेळी तेच होते. कोणी दुष्ट नव्हते. वरच्या ओळीकडे पाहून प्रत्येकाने खालची भरली. आणि आमच्या घरीही तेव्हा बोलणे चालले होते, की बारावी झाली, आता गणित शिकायला शहरात कशाला पाठवायचे? मी गप्प होते.

सकाळी चहा देताना मी घरात पहिल्यांदाच सांगितले, “ती जाईल.” चार दिवस घरात अबोला होता. सासूबाईंनी मात्र पाचव्या दिवशी तिच्यासाठी लाडू वळायला घेतले. आज ती कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

रांगोळीचा ठिपका स्वतः काही ठरवू शकत नाही, तो वरच्या दोघांकडे पाहूनच पडतो. आपण माणसे आहोत. आपल्या हाती चिमूट आहे तोवर पुढची जागा भरण्याआधी क्षणभर थांबावे, एवढीच माझी विनंती.