क्षार ओसरल्यावर मातीत कोण परत येतं?



मिरज, वाळवा, शिरोळ म्हटलं की आपल्याला ऊस आठवतो. त्याच पट्ट्यात हजारो एकर काळी रानं क्षारपड झाली आणि त्यांतली कित्येक पडीक पडली. पाणी मुबलक दिलं, निचरा नव्हता. भूजल वर आलं, उन्हानं पाणी उडालं, क्षार वर साचले. आता शेतकरी जमिनीखाली सच्छिद्र पाइप गाडतात. पाइपातून खारं पाणी वाहू लागलं की काम फत्ते झालं, असं वाटतं. माझ्या मते तेव्हा निम्मंच काम झालेलं असतं. उरलेलं जिवाणूंना करायचं असतं.

क्षारपड रान निर्जीव नसतं. तिथली वस्ती बदललेली असते. कुठे कोणते जिवाणू नांदतात हे तापमान किंवा सामू यांपेक्षा क्षारतेवर जास्त ठरतं, असं लोझुपोन आणि नाइट या संशोधकांनी 2007 मध्ये जगभरच्या नमुन्यांवरून दाखवलं. मीठ पेशीतलं पाणी बाहेर ओढतं. त्याला तोंड द्यायला काही जिवाणू प्रोलिन, एक्टोइन असे पदार्थ पेशीत साठवतात. ते बनवायला ऊर्जा लागते आणि ऊर्जेसाठी सेंद्रिय कर्ब. पडीक रानात मुळं नाहीत, पालापाचोळा नाही. म्हणजे खर्च वाढला आणि मिळकत आटली! ज्यांना परवडतं ते तगतात, बाकीचे निपचित पडतात किंवा मरतात.

चोपण जमिनीचं, म्हणजे सोडियम साचलेल्या जमिनीचं, दुखणं आणखी वेगळं. सोडियममुळे चिकणमातीचे कण सुटे होतात, छिद्रं बुजतात, हवा कोंडते. सामू साडेआठच्या वर गेला की युरियातला बराच नत्र अमोनिया होऊन उडून जातो. उरलेल्याचं नायट्रेट करणारे नायट्रोबॅक्टरसारखे जिवाणूही त्या अमोनियानं अडतात. शेतकरी पोत्यामागून पोतं टाकतो, ऊस मात्र पिवळाच.

इथे जिप्सम उपयोगी पडतं. त्यातलं कॅल्शियम सोडियमची जागा घेतं, सोडियम निचऱ्यावाटे जातो आणि मातीत हवा खेळू लागते. जमीन नुसती खारवट असेल, तर जिप्समची गरज नसते. चांगलं पाणी आणि निचरा पुरतो. म्हणून माती परीक्षण आधी.

मग धैंचा, हे हिरवळीच्या खताचं पीक. तो क्षार सोसतो, त्याच्या मुळांवरच्या गाठींत नत्र स्थिर करणारे जिवाणू राहतात, आणि फुलोऱ्याआधी गाडला की मातीला कर्ब मिळतो. आता खरी गंमत. मुळं आणि जिवाणू श्वसनातून कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात विरघळून सौम्य आम्ल होतो, आणि आपल्या काळ्या मातीतली चुनखडी विरघळवून कॅल्शियम मोकळं करतो. जे काम विकतच्या जिप्समनं सुरू केलं, तेच रान स्वतः पुढे नेऊ लागतं. म्हणजे जिवाणू हे सुधारणेचं फळ आहेत, तसं तिचं अवजारही.

नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंना गवतही आसरा देऊ शकतं. पाकिस्तानी पंजाबातल्या क्षारपड जमिनीवर वाढणाऱ्या कल्लर गवताच्या मुळांत अ‍ॅझोआर्कस हे नत्र स्थिर करणारे जिवाणू सापडले आहेत.

तेव्हा बाटलीतले जिवाणू पहिल्याच दिवशी खाऱ्या रानात ओतू नका. त्यांना तिथे ना हवा, ना अन्न. आधी निचरा, मग गरजेपुरतं जिप्सम, मग धैंचा आणि शेणखत, जिवाणू खत त्यानंतर. आणि पाटाचं पाणी पूर्वीसारखंच मोकळं सोडणार असाल, तर यातलं काहीच करू नका. पैसे तरी वाचतील.