तण, बियाणे आणि बीड

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी ‘विज्ञान संशोधन’ हा विषय आमच्याकडे सोपविला, तेव्हा आम्हांस थोडा संकोच वाटला. आमचे शिक्षण बी. ए. पर्यंतचे आणि उपजीविका केंद्र सरकारच्या कचेरीतील. वयाची पन्नाशी ओलांडेपर्यंत आम्ही फायली वाचल्या, टिपणे लिहिली, तारखा जपल्या. प्रयोगशाळेत पाऊल टाकले ते पाहुणा म्हणूनच. तथापि थोडा विचार केल्यावर असे ध्यानात आले की, नोंद ठेवणे, जुनी नोंद पुन्हा काढून पाहणे आणि नोंदीत जे आहे तेच मान्य करणे, या तीन गोष्टींवरच संशोधनाचा मोठा भाग उभा असतो. त्या नात्याने या विषयावर चार शब्द बोलण्याचे धाडस आम्ही करीत आहोत.

आपली रांझी ही कारखान्यांच्या आश्रयाने वाढलेली वस्ती. तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, खमरियाचा दारूगोळा कारखाना दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील, वाहन कारखाना १९६९ सालचा, आणि त्यापाठोपाठ ग्रे आयर्न फाउंड्री आली. विदर्भातून, खानदेशातून, कोकणातून पोटापाण्यासाठी आलेली आपली घरे या भोंग्यांवर घड्याळे लावीत मोठी झाली. रांझीचा मनुष्य म्हटला की तो लोखंडाचा, असे म्हणण्याची चाल पडली. परंतु याच शहरात मातीचा विचार करणारी मोठी विद्यापीठे व संस्था आहेत, याचा आपणांस अनेकदा विसर पडतो. जवाहरलाल नेहरू कृषी विश्वविद्यालय १ ऑक्टोबर १९६४ रोजी स्थापन झाले. उष्णकटिबंधीय वन संशोधन संस्था १९८८ साली आली. तणांचा अभ्यास करणारे राष्ट्रीय केंद्र १९८९ साली सुरू झाले व पुढे त्याचे संचालनालय झाले. अशा रीतीने एका बाजूस लोखंड आणि दुसऱ्या बाजूस माती, या दोहोंच्या मध्ये आपण राहतो. आज आम्ही तीनच वस्तूंविषयी बोलणार आहोत: एक तण, एक बियाणे आणि एक धातू. तिन्हींचा संबंध महाराष्ट्राशी आहे आणि तिन्हींचा संबंध जबलपूरशी आहे.

प्रथम तण. गाजरगवत कोणी पाहिले नाही असा श्रोता या सभागृहात नसेल. काँग्रेस गवत या नावानेही ते ओळखले जाते. मूळचे अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशाचे हे झुडूप आपल्या देशात १९५५ च्या सुमारास प्रथम ठळकपणे नजरेस आले ते पुण्यात. परदेशी गव्हाबरोबर त्याचे बी आले असावे असे सामान्यतः मानले जाते. एकेक झाड हजारो बिया टाकते आणि त्या वाऱ्याने, पाण्याने, गाड्यांच्या चाकांबरोबर सर्वत्र जातात. त्यातील पार्थेनिन नावाच्या द्रव्यामुळे अंगावर खाज व चट्टे उठतात, तर परागकणांमुळे अनेकांस दम्याचा त्रास होतो. पुण्यात दिसलेले हे संकट रेल्वेच्या रुळांकडेने आणि रस्त्यांकडेने देशभर गेले. रांझीच्या मोकळ्या जागाही त्यातून सुटल्या नाहीत.

उपटावे तर ते पुन्हा उगवते. औषध मारावे तर खर्च येतो व इतर वनस्पतींनाही इजा होते. तेव्हा शास्त्रज्ञांनी विचार केला की, या झाडाचा मूळ देशातील शत्रू शोधावा. मेक्सिकोतील एक लहानसा भुंगेरा या गवताच्या पानांवर जगतो. १९८३ साली तो बंगळूर येथे आणण्यात आला, बंद जागेत अनेक पिकांवर त्याची परीक्षा घेण्यात आली, आणि तो अन्य पिके खात नाही अशी खात्री झाल्यावर १९८४ साली मोकळा सोडण्यात आला. भुंगेरे व त्यांच्या अळ्या मिळून पावसाळ्यात या गवताची पाने पार कुरतडून टाकतात.

यापुढील हकीकत आम्हांस विशेष बोधप्रद वाटते. काही वर्षांनी कर्नाटकात हा भुंगेरा सूर्यफुलाच्या पानांवर आढळला. शेतकऱ्यांत साहजिकच घबराट पसरली. ज्याला रक्षक म्हणून आणले तोच पिकाचा भक्षक निघाला, अशी ओरड झाली. अशा वेळी आक्षेप झटकून टाकण्याचा मोह कोणालाही झाला असता. परंतु तसे झाले नाही. चौकशी झाली, पुन्हा प्रयोग झाले, आणि १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दाखविण्यात आले की, शेजारच्या गाजरगवताचे परागकण सूर्यफुलाच्या पानांवर पडले म्हणजे त्या ओढीने भुंगेरा ती पाने खाऊ लागतो. शंका विचारणारा शेतकरी आणि तिचे उत्तर शोधणारा शास्त्रज्ञ, दोघांनीही आपापले कर्तव्य केले. आपल्या येथील तण संशोधन संचालनालयाने पुढे या भुंगेऱ्याच्या प्रसाराचे कार्य हाती घेतले, आणि दरवर्षी ऑगस्टमध्ये गाजरगवत जागृती सप्ताह साजरा होतो. हे गवत हटविण्यासाठी तरोटा पेरावा असाही सल्ला देण्यात येतो. विदर्भातील आमच्या भगिनींना तरोट्याची कोवळी भाजी ठाऊक आहेच. ज्या रोपट्याची आपण पावसाळ्यात भाजी केली, तेच एका परदेशी शत्रूशी झुंजते, हे ऐकून त्यांना समाधान वाटेल.

आता बियाण्याकडे वळू. १९५६ पर्यंत महाकोशल आणि विदर्भ एकाच राज्यात होते व त्या राज्याची राजधानी नागपूर होती. नागपूरचे कृषी महाविद्यालय १९०६ सालचे. राज्ये वेगळी झाली, जबलपूरला १९६४ साली आणि अकोल्याला १९६९ साली स्वतंत्र कृषी विद्यापीठे झाली. परंतु काळी माती आणि पाऊस यांना राज्यांच्या सीमा ठाऊक नसतात. जबलपूरच्या विद्यापीठाने अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या सहकार्याने साठच्या दशकात सोयाबीनचे काम सुरू केले, तेव्हा आपल्याकडे या पिकाची कोणास फारशी ओळख नव्हती. मध्य प्रदेशातील कितीतरी काळी जमीन पावसाळ्यात पडीक राहत असे, कारण शेतकरी ती रब्बीच्या गव्हा-हरभऱ्यासाठी राखून ठेवीत. त्या रिकाम्या हंगामात बसेल असे पीक हवे होते.

सोयाबीनच्या दाण्यात सुमारे ४० टक्के प्रथिने व २० टक्के तेल असते. त्याच्या मुळांवरील गाठींत राहणारे जिवाणू हवेतील नत्र धरून पिकास देतात. हे जिवाणू आपल्या मातीत पुरेसे नव्हते, म्हणून पेरणीपूर्वी बियाण्यास त्यांचे संवर्धन चोळण्याची पद्धत शिकवावी लागली. आणखी एक अडचण होती. हे पीक दिवसाच्या लांबीवर फुलते. थंड प्रदेशातील जाती आपल्या लहान दिवसांत अकालीच फुलावर येतात व खुजी राहतात. तेव्हा आपल्या दिवसमानाला जुळणाऱ्या जाती निवडणे आणि नव्या घडविणे क्रमप्राप्त झाले.

नवी जात घडविणे म्हणजे काय, हे आम्ही जेव्हा समजून घेतले तेव्हा थक्क झालो. सोयाबीनचे फूल तुरीच्या फुलाहून कितीतरी लहान असते आणि ते उमलण्यापूर्वीच आतल्या आत त्याचे फलन होते. म्हणून कळी असतानाच ती चिमट्याने उघडून पुंकेसर काढावे लागतात आणि दुसऱ्या जातीचा पराग तेथे पोचवावा लागतो. कित्येक कळ्या गळून पडतात. जे थोडे दाणे मिळतात ते पेरून, पिढ्यामागून पिढ्या निवड करून, एकसारखे वाण हाती येण्यास सहा-सात वर्षे लागतात. मग ठिकठिकाणी चाचण्या. बी शेतकऱ्याच्या घरी पोचेपर्यंत तपाहून अधिक काळ सहज जातो.

अशाच परिश्रमांतून जबलपूरच्या कृषी विश्वविद्यालयाची जे. एस. ३३५ ही जात निर्माण झाली व १९९४ साली अधिसूचित झाली. ‘जे’ म्हणजे जवाहर आणि ‘एस’ म्हणजे सोयाबीन. साधारण ९५ ते १०० दिवसांत तयार होणारी ही जात मध्य प्रदेशात रुजलीच, पण विदर्भ-मराठवाड्याच्या शिवारांतही घरोघर पोचली. गावी गेल्यावर आपले भाऊबंद ‘तीनशे पस्तीस’ असा नुसता आकडा उच्चारतात, तेव्हा तो आकडा आपल्या जबलपूरच्या विद्यापीठाचा आहे, हे त्यांना अभिमानाने सांगावे.

परंतु केवळ अभिमानाने भागत नाही. कोणतेही वाण कायमचे नसते. रोगाचे जंतू बदलतात, पाऊस बदलतो, आणि एकाच वाणावर सारा मुलूख विसंबला म्हणजे एकाच रोगाने सारा मुलूख आडवा होऊ शकतो. पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक हा सोयाबीनचा मोठा वैरी आहे. २०२३ सालच्या खरिपात विदर्भात त्याने आणि त्याच सुमारास आलेल्या अन्य रोगांनी उभी पिके पिवळी पडली, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांनी गावाकडून आलेल्या फोनवर ऐकली आहे. याच विद्यापीठाने पुढे जे. एस. २०-२९ सारख्या, या रोगास दाद न देणाऱ्या जाती दिल्या. तरीही जुन्या ओळखीच्या बियाण्याची पिशवी सोडून नवी उचलणे शेतकऱ्याच्या जिवावर येते. ज्याचे वर्षाचे पोट एका पेरणीवर आहे त्याने सावध राहणे स्वाभाविक आहे. येथेच आपल्यासारख्या दोन्ही मुलखांत पाय असलेल्या माणसांना कार्य आहे. गावी जाताना आपण साड्या नेतो, मिठाई नेतो. त्याबरोबर विद्यापीठातून नव्या वाणांची व रोगांची माहिती विचारून नेली, आणि आधी एका कोपऱ्यात थोडे पेरून पाहा एवढे सुचविले, तर ती भेट अधिक काळ पुरेल.

तिसरी वस्तू बीड. बिडाला आपल्या रांझीत वेगळी ओळख करून देण्याची आवश्यकता नाही. तरीही त्याच्या पोटात काय असते हे तरुणांसाठी सांगतो. पोलादात कर्ब थोडा असतो. बिडात तो अडीच ते चार टक्क्यांपर्यंत असतो. बीड थंड होताना यातला बराचसा कर्ब ग्रॅफाइटच्या बारीक पापुद्र्यांच्या रूपाने वेगळा पडतो. तुकडा मोडला तर आतून करडा दिसतो तो या पापुद्र्यांमुळे, आणि त्यावरूनच ‘ग्रे आयर्न’ हे नाव. हेच पापुद्रे यंत्राचे हादरे गिळतात व बीड कापण्यास सोपे करतात. हेच पापुद्रे त्याला ठिसूळही करतात, कारण ताण पडला की त्यांच्या टोकांपासून तडा सुरू होतो. १९४० च्या दशकात असे आढळले की, वितळलेल्या रसात मॅग्नेशियम अत्यल्प प्रमाणात, शेकडा तीन-चार शतांश एवढेच, राहू दिले तर ग्रॅफाइट पापुद्र्यांऐवजी गोळ्यांच्या रूपाने जमते आणि तेच बीड वाकले तरी लवकर मोडत नाही. घटक जवळजवळ तेच, मांडणी निराळी, आणि गुण पालटले! पदार्थविज्ञानाच्या या शाखेचे सार एवढ्या एका उदाहरणात सापडते.

बिडाचा आणि मातीचा संबंधही आपल्याच मराठी माणसाने जोडला. विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर घडविला. लोखंडाने जमीन विषारी होईल या समजुतीमुळे तो सुरुवातीस विकला जाईना. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मिळ झाले तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा नांगर ओतण्यासाठी दिल्या, असे सांगतात. तोफगाड्यांच्या गावात राहणाऱ्या आपणांस ही कथा विशेष गोड वाटावी.

मात्र येथे आम्हांस एक काळजी बोलून दाखवायची आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून आयुध कारखान्यांच्या जुन्या मंडळाच्या जागी सात सरकारी कंपन्या आल्या. आपली फाउंड्री नागपूर येथे मुख्यालय असलेल्या ‘यंत्र इंडिया’कडे गेली. व्यवस्था बदलतात, माणसे निवृत्त होतात. साच्याची वाळू मुठीत दाबून तिचा ओलावा सांगणारे, रसाच्या रंगावरून उष्णतेचा अदमास घेणारे हात आपल्या मंडळातही आहेत. वाळूत ओल अधिक झाली तर वाफ कोंडून ओतीव भागात पोकळ्या पडतात, हे पुस्तकात आहे. पण ती ओल किती म्हणजे अधिक, हे त्या मुठीला ठाऊक आहे. विद्यापीठातील प्रत्येक रोपट्याची वही आहे. आपल्या या अनुभवाची वही कोठे आहे? पुढील पन्नास वर्षांत ते हात राहणार नाहीत, आणि जे लिहिले गेले नाही ते पुन्हा शोधावे लागेल.

म्हणून मंडळापुढे आम्ही तीन नम्र सूचना ठेवतो. पहिली, दरवर्षी ऑगस्टमधील जागृती सप्ताहात मंडळाच्या तरुणांनी हातमोजे घालून, गवत फुलावर येण्यापूर्वी, आपल्या वस्तीतील निदान एक मैदान मोकळे करावे. दुसरी, निवृत्त कारागिरांकडून त्यांचे कसब मराठीत लिहवून घ्यावे, आणि हे टिपून घेण्याचे काम आमच्यासारख्या कारकुनी हातांनी पत्करावे. तिसरी सूचना पालकांना आहे. मुलगी अथवा मुलगा संशोधनाकडे वळू पाहत असेल तर ‘नोकरी केव्हा लागणार?’ हा प्रश्न थोडा लांबणीवर टाकावा. ही वाट लांब आहे, पहिली काही वर्षे ओढगस्तीची असतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु ज्या घरांनी परमुलखात येऊन एकेका पगारावर संसार उभे केले, त्या घरांना धीराची शिकवण बाहेरून आणावी लागत नाही.

पुण्यात दिसलेल्या तणाचा उपाय जबलपूर शिकविते, जबलपूरचे बियाणे विदर्भाला दाणे देते, आणि विदर्भाचे हात रांझीत बीड ओततात. हे देणेघेणे पुढील पिढीतही चालू राहावे, अशी आमची इच्छा आहे.