प्रवाळांसाठी प्रकाश: दिव्याची निवड आणि मोजमापाची शिस्त



प्रवाळपालकांच्या या संमेलनाचे प्रस्तुत अध्यक्षीय भाषण एकाच प्रश्नापुरते मर्यादित ठेवण्यात आले आहे. तो प्रश्न असा, की घरातील खाऱ्या पाण्याच्या काचपेटीत प्रवाळ वाढवायचे असतील तर त्यांच्यावर कोणता दिवा लावावा. वरकरणी हा साध्या खरेदीचा प्रश्न दिसतो आणि दुकानात तो किंमत, वॅट व निळसर झळाळी यांवर निकालात निघतो. परंतु दिवा हे प्रवाळाला अन्न पुरवणारे साधन आहे, हे एकदा ध्यानात घेतले की निवडीचा निकष बदलतो. माणसाच्या डोळ्याला काय सुंदर दिसते किंवा खोक्यावर कोणता आकडा छापला आहे, यापेक्षा प्रवाळ जेथे बसवला आहे त्या जागी किती आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश पोहोचतो, हे मोजूनच दिवा निवडला पाहिजे, हे या भाषणाचे प्रतिपादन आहे.

प्रवाळ हा जेलीफिशच्याच संघातला प्राणी असून त्याची वसाहत पॉलिप नावाच्या असंख्य लहान जीवांची बनलेली असते. या पॉलिपांच्या पेशींमध्ये सिम्बायोडिनिएसी कुलातील एकपेशीय शैवाल राहतात, ज्यांना प्रवाळपालक झूझँथेली या नावाने ओळखतात. हे शैवाल प्रकाशसंश्लेषणाने शर्करा आणि इतर सेंद्रिय द्रव्ये तयार करतात व त्यांतला मोठा वाटा यजमान प्राण्याला देतात, त्यामुळे उथळ व स्वच्छ पाण्यातील अनेक प्रजातींची ऊर्जेची गरज मुख्यतः प्रकाशावरच भागते. सांगाड्याची वाढही याच व्यवहाराशी जोडलेली आहे: थॉमस गोरो यांनी जमैका येथे कॅल्शियम-४५ हे किरणोत्सारी समस्थानिक वापरून १९५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनातून, प्रवाळ अंधारापेक्षा उजेडात अधिक वेगाने कॅल्शियम साठवतात, हे मोजून दाखवता आले. तेव्हा प्रकाश कमी पडला तर प्रवाळाची उपासमार होते आणि त्याच्या घराचे बांधकामही मंदावते.

प्रकाश वाढवत नेला म्हणजे वाढही त्याच प्रमाणात होत राहते, असे मात्र नाही. अगदी मंद प्रकाशात शैवालांनी निर्माण केलेली ऊर्जा आणि श्वसनात खर्च झालेली ऊर्जा समान होते त्या पातळीला समतोल बिंदू म्हणतात. त्यापुढे प्रकाशसंश्लेषण वाढत जाते, मग एका मर्यादेला ते स्थिरावते, जिला संपृक्तता म्हणतात, आणि त्याहूनही प्रकाश वाढला तर शैवालांची यंत्रणाच बिघडू लागते, ज्याला प्रकाश-अवरोध अशी संज्ञा आहे. अतिरिक्त प्रकाशाने तयार होणारी ऑक्सिजनची क्रियाशील रूपे पेशींना इजा करतात, शैवाल नष्ट होतात किंवा बाहेर टाकले जातात आणि प्रवाळ पांढरा पडतो, म्हणजेच त्याचे विरंजन होते. पाण्याचे तापमान वाढलेले असेल तर हीच इजा कमी प्रकाशातही होते. १९९८, २०१० आणि २०१६ या वर्षांत लक्षद्वीपमधील प्रवाळभित्तींचे जे विरंजन झाले त्यामागे समुद्राची उष्णता हे मूळ कारण असले, तरी तापलेल्या प्रवाळाला ऊन अधिक बाधते हा धडा काचपेटीलाही लागू पडतो. म्हणूनच दिव्याची निवड पाण्याच्या तापमानापासून वेगळी करता येत नाही.

आता मोजमापाकडे वळावे लागेल. घरगुती दिव्यांची तीव्रता ल्युमेन आणि लक्स या एककांत सांगितली जाते, परंतु ही एकके मानवी दृष्टीच्या संवेदनशीलतेवर बेतलेली आहेत आणि ती ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट-पिवळ्या प्रकाशाला सर्वाधिक महत्त्व देतात. परिणामी प्रवाळाला सर्वाधिक उपयुक्त असलेला निळा प्रकाश लक्समापकावर फारच थोडा नोंदवला जातो. प्रवाळपालनात म्हणून पीएआर हे माप वापरले जाते. ४०० ते ७०० नॅनोमीटर या प्रकाशसंश्लेषणास उपयोगी पट्ट्यातील किती प्रकाशकण एका चौरस मीटरवर दर सेकंदाला पडतात, हे त्यातून कळते आणि त्याचे एकक मायक्रोमोल प्रति चौरस मीटर प्रति सेकंद असे आहे. पावसाचा अंदाज ढगांच्या काळेपणावरून न बांधता पर्जन्यमापकात साठलेल्या पाण्यावरून घ्यावा, तसे दिव्याच्या झळाळीवर न जाता प्रवाळाच्या जागी ठेवलेल्या संवेदकावर विश्वास ठेवावा. हा संवेदक पाण्याखाली वापरण्यास योग्य आणि निळ्या प्रकाशाला नीट प्रतिसाद देणारा असावा, कारण स्वस्त मापकांत आणि भ्रमणध्वनीवरील ॲपमध्ये याच ठिकाणी मोठी चूक होते.

उष्ण कटिबंधातील निरभ्र दुपारी समुद्राच्या पृष्ठभागावर पीएआर सुमारे २००० पर्यंत जातो, परंतु काचपेटीतील प्रवाळांना तेवढ्या प्रकाशाची गरज नसते. पालकांच्या अनुभवातून रूढ झालेल्या मर्यादा पाहता, डिस्कोसोमासारखे मशरूम आणि बहुतेक मऊ प्रवाळ ५० ते १०० या पातळीवर सुखाने राहतात. युफिलियासारख्या मोठ्या पॉलिपांच्या कठीण प्रवाळांना, ज्यांना एलपीएस म्हणतात, ७५ ते १५० पुरते. आणि ॲक्रोपोरासारख्या लहान पॉलिपांच्या, म्हणजे एसपीएस गटातील प्रवाळांना २०० ते ४०० लागते. येथे तीव्रतेइतकाच कालावधीही महत्त्वाचा आहे. २५० या पातळीचा प्रकाश रोज १० तास दिला तर दिवसभरात दर चौरस मीटरला ९ मोल प्रकाशकण मिळतात, आणि हीच दैनिक बेरीज प्रवाळाचा खरा शिधा होय. तरीही कमी पडलेली तीव्रता तास वाढवून भरून काढण्याला मर्यादा आहे, कारण समतोल बिंदूच्या जवळ रेंगाळणारा प्रकाश कितीही वेळ दिला तरी त्यातून शिल्लक फारशी पडत नाही. आठ ते दहा तासांचा पूर्ण प्रकाश आणि रात्रीचा निखळ अंधार हीच व्यवस्था योग्य ठरते.

प्रकाशाच्या रंगाचा विचार समुद्रापासून सुरू करावा लागतो. पाणी लाल प्रकाश पहिल्या काही मीटरांतच बहुतांशी शोषून घेते आणि स्वच्छ समुद्रात निळा प्रकाश सर्वांत खोल पोहोचतो. कोकणचा समुद्र याचे दोन टोकांचे दाखले देतो. विजयदुर्गाच्या पश्चिमेस सुमारे १०५ किलोमीटरवर, कान्होजी आंग्रे यांचे नाव धारण करणारी आंग्रिया बँक ही पाण्याखालची प्रवाळयुक्त उंचवट्याची भूमी आहे, जिचा माथाही सुमारे २० मीटर खोल असून किनाऱ्यापासून दूरच्या नितळ पाण्यामुळे तेथपर्यंत निळा प्रकाश पोहोचतो. याउलट मालवणच्या किनाऱ्यालगत प्रवाळ अगदी उथळ पाण्यात असूनही पावसाळ्यातील गाळामुळे त्यांना गढूळ आणि मंद प्रकाशाशी जुळवून घ्यावे लागते. यावरून केवळ खोलीवरून प्रकाश ठरत नाही, हे स्पष्ट होते. काचपेटीची खोली तर ५० ते ६० सेंटिमीटरच असते. तेवढ्या पाण्यात रंग फारसा गाळला जात नाही आणि खाली जाताना प्रकाश घटतो तो मुख्यतः दिव्यापासूनच्या अंतरामुळे व किरण पसरल्यामुळे. समुद्राने जे गाळण करायचे ते येथे दिव्याच्या वर्णपटालाच करावे लागते.

सहजीवी शैवालांत क्लोरोफिल-अ, क्लोरोफिल-क२ आणि पेरिडिनिन ही रंगद्रव्ये असून त्यांचे शोषण मुख्यतः जांभळ्या, निळ्या आणि निळसर-हिरव्या पट्ट्यात होते. त्यामुळे ४०० ते ५०० नॅनोमीटरचा पट्टा भरीव असलेला आणि जोडीला थोडा पांढरा प्रकाश देणारा दिवा बहुतेक प्रवाळांना मानवतो. लाल प्रकाशाबाबत मात्र सावधगिरी हवी. स्टायलोफोरा पिस्टिलाटा या प्रवाळावर नेदरलँड्समधील संशोधकांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लाल प्रकाशाचा प्रतिकूल परिणाम आढळला, म्हणून जमिनीवरील रोपांसाठी बनवलेले लालसर दिवे प्रवाळांवर लावू नयेत. दिव्यावर छापलेला १०,००० किंवा २०,००० केल्विन हा आकडा केवळ प्रकाश डोळ्याला किती निळसर भासतो ते सांगतो. एकाच केल्विनच्या दोन दिव्यांचे वर्णपट पूर्णपणे भिन्न असू शकतात. निळ्या प्रकाशात प्रवाळांतील प्रतिदीप्त प्रथिने हिरवी-नारिंगी चमकतात आणि हे सौंदर्य पालकाला मोहवते, परंतु शैवाल गमावत चाललेला प्रवाळही अशा प्रकाशात चमकत राहू शकतो. तेव्हा आठवड्यातून एकदा तरी पांढऱ्या प्रकाशात प्रत्येक वसाहतीची पाहणी करणे आवश्यक आहे.

दिव्यांचा इतिहास थोडक्यात पाहिला तर निवडीची दिशा कळते. जकार्ता येथील ली चिन एंग यांनी १९६१ मध्ये खाऱ्या पाण्याच्या टाक्यांची आपली नैसर्गिक पद्धत प्रसिद्ध केली तेव्हा त्यांच्या टाक्यांना उष्ण कटिबंधातले ऊनच मिळत होते. थंड प्रदेशांतील पालकांना प्रवाळ वाढवण्यात यश मिळण्यास मेटल हॅलाइड दिव्यांची वाट पाहावी लागली. हे दिवे प्रखर असतात आणि पाण्यात सूर्यासारखी लहरती झिलई पाडतात, परंतु ते पाणी तापवतात, वीज खातात आणि त्यांचे बल्ब साधारण वर्षभरात बदलावे लागतात. १६ मिलिमीटर जाडीच्या टी-५ नळ्या सर्वत्र सारखा, मऊ प्रकाश देतात, त्यामुळे फांद्यांच्या खालच्या बाजूही उजळतात. मात्र त्यांचाही प्रकाश वर्षभरात क्षीण होतो. निळ्या एलईडीच्या शोधासाठी इसामू आकासाकी, हिरोशी आमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल मिळाले, आणि त्याच शोधामुळे आज रंगांचे स्वतंत्र नियंत्रण, कमी वीज व दीर्घ आयुष्य असलेले दिवे घराघरांत आले. त्यांचा दोष म्हणजे प्रकाश थोड्या बिंदूंतून येत असल्याने पडणाऱ्या कठोर सावल्या. मोठ्या फांदीदार वसाहतींसाठी म्हणून एकाऐवजी दोन दिवे अंतरावर लावणे किंवा एलईडीला टी-५ ची जोड देणे हितावह ठरते.

या सर्वांवरून निवडीचा क्रम निश्चित करता येतो. प्रथम कोणते प्रवाळ पाळायचे ते ठरवावे, मग पेटीची लांबी, रुंदी व खोली पाहावी, त्यानंतर त्या क्षेत्रफळावर आवश्यक पीएआर देणारा दिवा शोधावा, आणि किमतीचा विचार सर्वांत शेवटी करावा. दिवा आल्यावर तो एकदम पूर्ण क्षमतेने न लावता निम्म्याहून कमी तीव्रतेवर सुरू करून काही आठवड्यांत हळूहळू वाढवावा, कारण शैवालांना नव्या प्रकाशाशी जुळवून घेण्यास वेळ लागतो. पिवळसर झालेल्या पाण्यात सक्रिय कार्बन एकदम टाकला तर पाणी नितळ होऊन प्रकाश अचानक वाढतो, याचेही भान ठेवावे. प्रवाळ तपकिरी होऊ लागला तर बहुधा प्रकाश कमी पडतो आहे आणि फिकट होऊ लागला तर बहुधा जास्त होतो आहे. परंतु पाण्यातील पोषकद्रव्यांमुळेही हे रंग बदलत असल्याने मापकाची साक्ष घेतल्याशिवाय दिव्याला हात लावू नये.

घरखर्चाचे गणितही स्पष्ट असावे. १५० वॅटचा एलईडी रोज १० तास पूर्ण क्षमतेने चालला तर महिन्याला ४५ युनिट वीज लागते, तर ४०० वॅटचा मेटल हॅलाइड १२० युनिट घेतो. शिवाय त्याच्या उष्णतेमुळे पाणी थंड ठेवणाऱ्या चिलरचा खर्च वाढतो, जो मुंबई-कोकणच्या उकाड्यात दिव्याच्या खर्चाहूनही जड होऊ शकतो. खारे पाणी आणि वीज यांचे सान्निध्य धोक्याचे असल्याने अर्थिंग, गळतीच्या वेळी वीज तोडणारा आरसीसीबी आणि दिव्याची पक्की टांगणी यांत काटकसर करू नये.

भारतातील प्रवाळपालकांनी एक मर्यादा कटाक्षाने पाळली पाहिजे. कठीण, भित्ती बांधणारे प्रवाळ २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत आणि त्यांचा आंतरराष्ट्रीय व्यापार साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली येतो. म्हणून मालवणच्या किंवा अन्य कोणत्याही भारतीय किनाऱ्यावरून प्रवाळाचा तुकडाही उचलू नये, आणि कोणताही जिवंत प्रवाळ घेण्यापूर्वी त्याची कायदेशीर बाजू वन विभागाकडे तपासावी. कठीण प्रवाळांविषयीचे वरील आकडे, ज्या देशांत त्यांच्या पालनास कायद्याची मुभा आहे तेथील मराठी पालकांसाठी आणि परवानाधारक संस्थांसाठी आहेत.

अखेरीस या संमेलनासमोर काही ठोस अपेक्षा मांडणे अध्यक्षपदाचे कर्तव्य ठरते. विक्रेत्यांनी प्रत्येक दिव्यासोबत वेगवेगळ्या खोलीवरील पीएआरचा नकाशा द्यावा आणि केवळ वॅट सांगून विक्री करण्याची प्रथा सोडावी. महागडा मापक प्रत्येकाने विकत घेणे शक्य नसल्याने प्रत्येक शहरातील पालकांनी वर्गणीतून एक सामाईक मापक ठेवावा आणि त्याच्या नोंदी, प्रवाळाच्या जातीसह व दिव्याच्या वयासह, मराठीत लिहून एकमेकांना उपलब्ध कराव्यात. अध्यापकांनी या नोंदी तपासून त्यांतून आपल्या हवामानाला लागू पडणारी कोष्टके तयार करावीत. प्रवाळाला सहसा जागा बदलता येत नाही; जेथे बसवले तेथे मिळेल त्या प्रकाशावर त्याला जगावे लागते, आणि म्हणून त्या प्रकाशाची अचूक मोजदाद ही त्याला घरात आणणाऱ्याची पहिली जबाबदारी आहे. ती या सभागृहातील प्रत्येकाने स्वीकारावी, एवढीच विनंती आहे.